रुमालाखाली विकलेली गाडी

परवा व्हिडिओ कॉलवर आजोबांनी माझ्या हातावर नॅपकिन टाकला, खालून माझं एक बोट धरलं, आणि मी "एक नाही, अर्धा!" म्हणत हात सोडवून घेतला. तेव्हा तुम्ही दोघा नातवंडांनी विचारलंत, ही कुठली जादू? जादूबिदू काही नव्हती. चहात साखर किती चमचे, याचा सौदा चालला होता. सध्या आमच्या घरात सगळंच नॅपकिनखाली ठरतं. दुपारी टीव्ही कुणाचा, आमरस किती वाट्या, फिरायला जाताना किती फेऱ्या. हे वेड आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीनं लावलं. ती गाडी कशी विकली ते ओळीनं सांगते. उड्या मारून शेवट वाचू नका.

ती गाडी घेतली तेव्हा तुम्ही शाळेतही जात नव्हता. घरात मोठा खल झाला होता. मला हवी होती ती कंपनी, जिची गाडी रस्त्यावर दर दुसऱ्या माणसाकडे असते. तलाठ्याकडे तीच, किराणा दुकानदाराकडे तीच, लग्नात नवरदेवाला तीच. शेजारी राहणारे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, यांना माझी निवड ऐकून हसू आवरेना.

"वहिनी, ही काय गाडी घेता? नळदुर्गच्या चौकात डोळे झाकून दगड मारला तर याच गाडीला लागंल."

"म्हणूनच घेतेय, भावजी. काच फुटली तर नवी त्याच चौकात मिळेल."

त्यांनी स्वतः घेतली एका परदेशी कंपनीची, छताला खिडकी असलेली. गल्लीतली सगळी मुलं त्या खिडकीतून डोकं बाहेर काढून फिरून आली. मग मे महिना आला. आपल्याकडच्या मे महिन्यात छताला खिडकी म्हणजे तव्याला झाकण नसण्यासारखं. भावजींनी आतून वर्तमानपत्र चिकटवलं आणि बातम्या वाचत गाडी चालवू लागले. पुढे त्या कंपनीनं इथला धंदाच गुंडाळला. त्यानंतर एका म्हशीनं त्यांच्या गाडीचा बाजूचा आरसा मोडला. तो आरसा सोलापुरात मिळाला नाही, हैदराबादला मिळाला नाही. शेवटी त्यांनी दाढीचा आरसा सुतळीनं बांधला. मागून येणारा ट्रक त्यात दिसत नसे, पण भांग छान दिसे.

आमच्या गाडीचा त्रास एकच होता. सगळ्यांची गाडी तीच, आणि रंगही तोच. एकदा येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला गेलो होतो. दर्शन झाल्यावर मी खण-नारळ घेऊन मागे राहिले, आजोबा पुढे जाऊन गाडीत बसले आणि सीट मागे टाकून झोपले. मी गाडीपाशी आले तर आत कुणी नाही. चार गाड्या सोडून पलीकडे, आमच्यासारख्याच गाडीत आजोबा. एक बाई आजोबांच्या शेजारी बसून, डबा उघडून, त्यांच्याकडे न बघताच सांगत होती, "अहो, उठा की, धपाटे गार व्हायलेत." आजोबांनी डोळे न उघडताच हात पुढे केला आणि धपाटं घेतलं. अर्धं खाऊन झाल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या बाईच्या किंकाळीनं अर्ध्या जत्रेची मान वळली. तिचा नवरा आमच्या गाडीच्या काचेत तोंड घालून "अगं दार उघड" म्हणत होता. पुढे बरीच वर्षं आजोबा म्हणत, "गाडी दुसऱ्याची होती, पण धपाटं लई झकास होतं."

तर अशी आमची गाडी. चालवणारी मी एकटीच. आजोबा जनावरांचे डॉक्टर. सरकारी जीप आणि तिचा ड्रायव्हर यांच्या जिवावर नोकरी झाली, स्वतः शिकायचं राहून गेलं. कॉलेजला शिकवायला जाण्यापासून तुमच्या आईला विमानतळावर सोडण्यापर्यंत सगळं मीच चालवलं. आणि मागच्या वर्षी माझा डावा गुडघा रुसला. क्लच दाबला की डोळ्यांपुढे काजवे. डॉक्टरांनी सांगितलं, क्लच बंद. मी विचारलं, क्लच नसलेली गाडी चालेल का? ते म्हणाले, उजव्या पायानं धावत्या घोड्यावर बसा, डावा मात्र आराम करू दे.

मग मी घरी येऊन जाहीर केलं, क्लच नसलेली गाडी घ्यायची. तुमच्या आईनं लगेच पैसे पाठवते म्हटलं. मी नको म्हटलं. मुलांच्या पैशानं गाडी आली की मुलं म्हणतील तिथंच ती जाते. आजोबांनी थोडा विचार करून निकाल दिला.

"हे बघ, साठवलेले आहेत त्यात तीन लाख कमी पडतात. तुझ्या गाडीचे तीन आले तर नवी घे आणि चालव. न्हाय आले तर जुनीच ठेवू, ड्रायव्हर लावू, तू मागं बस."

मागं बस! मागच्या सीटवर बसून मला नेहमी वाटतं की मी कुणाच्या तरी अंत्ययात्रेला चालले आहे. म्हणजे प्रश्न सरळ होता. जुन्या गाडीला तीन मिळाले तर स्टिअरिंग माझं. एक नोट कमी पडली तर मी मागची सवारी.

शोरूमवाला आला, गाडीभोवती फिरला, ओठ बाहेर काढून म्हणाला, अडीच. मी गाडी फोनवर विकायला टाकली. त्यावर लोक काय काय विचारतात! एकानं "लास्ट किती?" एवढंच विचारलं. अजून फर्स्ट सांगितलं नव्हतं. एकानं विचारलं, गाडी लेडीज चालवत होती का? आजोबांनी माझ्या हातातून फोन घेऊन उत्तर दिलं, "व्हय. म्हणूनच शिल्लक राहिली."

शेवटी आजोबांना लोहाऱ्याचे एक जुने ओळखीचे आठवले. पूर्वी बैलांचे दलाल होते, बाजारात आजोबा जनावरं तपासत आणि हे सौदे करत. आता बैल कमी झाले तसे ते जुन्या गाड्या घेऊ-विकू लागले. फोनवर म्हणाले, "डॉक्टरसाब, परवा सोलापूरला बेगमचा गुडगा दाखवायलोय. येताना तुमच्याकडं उतरतो."

आणि खरंच आले. एसटीतून दोघं उतरले, त्यांच्या हातात टोपी, बेगमच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. मी चहा टाकला, बेगमना व्हरांड्यात खुर्ची दिली. चाचा तोवर गाडीपाशी पोचलेसुद्धा. चाचाच म्हणते आता, कारण पुढं जे झालं त्यानंतर दुसरं काही म्हणणं बरं दिसत नाही. त्यांनी गाडीच्या पाठीवरून हात फिरवला, बॉनेटवर थाप मारली, वाकून टायरचे दात बघितले, चालू करून कान लावला. सगळं बैलासारखं. फक्त शेपूट ओढायची बाकी होती.

"माल चांगलाय," ते म्हणाले.

इथं आजोबांनी घात केला. जन्मभर त्यांची शिस्त एकच, जनावर विकताना त्याची खोड लपवायची नाही. लपवली तर पाप. त्यांनी घसा साफ केला आणि सुरू झाले.

"डावं मागचं दार कुरकुरतं. एसी मे महिन्यात धापा टाकतो. पावसात वायपर रडतो. आणि एकदा हिनं गोठ्याच्या भिंतीला—"

"अहो!" मी किचनमधून ओरडले.

"—तरी सांगतो, स्वभावानं गरीब हाय. कुणाला मारत न्हाय."

चाचा हसून हसून टायरपाशी बसले. "डॉक्टरसाब, गाडी इकायलाव का दवाखान्यात भरती करायलाव?"

पलीकडच्या भिंतीवरून भावजींचं डोकं वर आलं. "वहिनी, अडीचला देऊन टाका. दादा अजून बोलला तर दोनवर येईल."

तीनचा आकडा डोळ्यांदेखत पातळ होत होता. तेवढ्यात चाचांनी खांद्यावरचा मोठा रुमाल काढून झटकला. आजोबांचे डोळे चमकले. कित्येक वर्षांनी हत्ता होणार होता.

हत्ता म्हणजे बैलबाजारातला सौदा. दोघांच्या हातांवर कापड टाकायचं आणि भाव बोटांनी करायचा. दोन बोटं धरली तर दोन, मूठभर धरली तर पाच. भोवती शंभर माणसं उभी राहिली तरी आकडा त्या दोघांनाच कळतो. आणि तोंडानं बोलायचं ते भलतंच, पाऊसपाणी, पोरंबाळं. आजोबांनी बाही वर केली. मी मधे पडले.

"थांबा. गाडी माझ्या नावावर आहे. हात माझा."

चाचांनी हात असा मागे घेतला की जणू सायलेन्सरला लागला. "तोबा तोबा! भाभीचा हात मी कसा धरू?"

"मग तिच्या वतीनं मी," आजोबा म्हणाले.

"तुम्ही?" मी म्हटलं. "तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात ते मघाशीच कळलं."

हत्ता अडला. तेव्हा व्हरांड्यातून बेगम खुर्चीचा हात धरून उठल्या, एक्स-रे खुर्चीवर ठेवला, आणि लंगडत येऊन नवऱ्याच्या हातातला रुमाल घेतला.

"सरका. मी करते."

"तुला येतंय?"

"सारी उमर झोपेत माझ्या बोटांवर बैल इकलाव तुमी. येतंय की."

आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहिलो. त्यांनी दोघींच्या हातांवर रुमाल टाकला. खाली बांगड्या एकमेकींवर वाजल्या, आणि मला पहिलं हसू आलं. ते मी दाबलं. तुम्हाला माहीत आहे, मला तळहाताला गुदगुल्या होतात. हे मी सौद्याआधी सांगायला हवं होतं. आजोबांच्या भाषेत, ही माझी खोड.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी तोंडानं विचारलं.

"जिना चढू नका बोलले," बेगम म्हणाल्या, आणि माझी दोन बोटं दाबली, मग सगळा हात दाबला. दोन आणि वर पाच. शोरूमचाच अडीच!

"अगं बाई! मग गच्चीवरच्या शेवया कोण वाळत घालणार?" मी त्यांची तीन बोटं घट्ट धरली.

"सून घालतीय. निम्म्या कबुतराला." पुन्हा दोन बोटं, मग अख्खा हात, मग वर एक. म्हणजे दोन साठ.

"आमच्याकडं कुरडयांचं असंच होतं." मी तीन बोटांवरून हलले नाही.

"कबुतर मेलं लई चटोर." दोन बोटं, हात, वर दोन.

त्या वर दोनच्या वेळी त्यांचं नख माझ्या तळहातावरून सरकलं. झालं. मी फिसकन हसले. त्या हसल्या. त्या हसल्या तसा त्यांचा हात हलला, हात हलला तशा मला आणखी गुदगुल्या. डोळ्यांतून पाणी. पडू नये म्हणून मी जे हातात सापडलं ते गच्च धरलं, आणि सापडला त्यांचा अख्खा पंजा.

"या अल्ला!" बेगम मोठ्यानं ओरडल्या. "पाच?"

हत्त्याचा सगळा पडदा फाटला. आजोबा पुढे धावले. "अगं, पाच कशाला मागतीस? पाचला तर आपणच ठेवून घेऊ!"

"भाभी, त्यात मी बसून आलो तरी पाच होत न्हायत," चाचा म्हणाले. भिंतीवरचं भावजींचं डोकं हसण्यात गायब झालं. पलीकडे बादली पडल्याचा आवाज आला.

माझं हसू थांबेना. मी नुसती मान हलवत होते, पाच नाही, पाच नाही. बेगमनी हात सोडला नव्हता. हसू जरा ओसरल्यावर रुमालाखालीच माझा हात थोपटून त्यांनी हळूच विचारलं, "भाभी, इतकी चांगली गाडी काढायलाव कायकू?"

मी खरं ते सांगितलं. डावा गुडघा, क्लच. तीन आले तर बिनक्लचची, नाही आले तर मागची सीट.

त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या. "माझापण डावाच. तुमचा चालवून दुखायला. माझा तर मागं बसून बसून." आणि त्यांनी माझी तीन बोटं धरली. धरली आणि सोडलीच नाहीत. मग नवऱ्याकडे वळून, रुमाल तसाच ठेवून, खुल्या आवाजात म्हणाल्या, "घ्या तीनला. तुमीच बसमध्ये बोललाव ना, या कंपनीची गाडी दारात उभी केली की संध्याकाळपर्यंत ऱ्हात न्हाय, गिऱ्हाईक तिच्यासंगट जेवायला येतंय. तीनला घेतली तरी सुटतंय, बोललाव."

चाचांनी कपाळावर हात मारून घेतला. "बेगम! मग रुमाल कायकू टाकला?"

अशी आपली गाडी तीनला गेली. रुमालाखाली ठरली, आणि साऱ्या गल्लीला कळली. मला तर व्हरांड्यात फुगडी घालावीशी वाटली. गुडघा नको म्हणाला म्हणून बेगमचे दोन्ही हात धरून जागच्या जागी डोलले.

पैसे फोनवरून बँकेत आले, कागदांवर सह्या झाल्या. मी बॉनेटला हळदीकुंकू लावलं, आजोबांनी गुळाचा खडा ठेवला. कुणाला खाऊ घातला ते त्यांनाच ठाऊक. चाचा-बेगम गाडीत बसले. आम्ही फाटकाशी उभे राहून हात हलवला. त्यांनी हलवला. आम्ही पुन्हा हलवला. बेगमनी पुन्हा हलवला. गाडी काही हलेना.

"वहिनी, डबा अडला व्हय?" भिंतीवरून भावजी.

चाचांनी दार अर्धं उघडलं. अतिशय आदबीनं म्हणाले, "डॉक्टरसाब, रीत मला कळतीय. म्हणून मघापासून बोलंना. पण बैल दाव्याबिगर चालतो. ही कशी चालंल?"

आजोबांनी खिशात हात घातला. दोन्ही किल्ल्या त्यांच्या खिशात होत्या! आपल्या घरची रीत अशी, जनावर विकलं तरी त्याचं दावं, म्हणजे बांधायचा दोर, विकायचा नाही. तो घरात राहिला की घराची लक्ष्मी राहते. मागच्या खोलीच्या खुंटीवर ते दोर तुम्ही लहानपणी ओढलेत. तर हळदीकुंकू झाल्याबरोबर आजोबांचा हात सवयीनं गाडीच्या दाव्याकडे गेला होता. आणि चाचांनी अडवलं नव्हतं, कारण घरी असते तर त्यांनीही तेच केलं असतं.

"एक तुम्ही न्या," आजोबा म्हणाले. "एक दावं म्हणून राहू द्या."

चाचा कळवळले. "दुसरी किल्ली न्हाय म्हटलं की गिऱ्हाईक लगेच भाव पाडतंय, डॉक्टरसाब. मग तीन परवडत न्हाय."

तीन परवडत नाही! माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधू लागला. आजोबांचा चेहरा मात्र लहान मुलासारखा झाला होता. रीत मोडावी तरी पंचाईत, न मोडावी तरी पंचाईत. मी किल्ल्या हातात घेतल्या. त्यांना एक गोंडा होता, आजोबांनीच जुन्या बैलाच्या तोंडावरच्या म्होरकीच्या दोऱ्या विणून केलेला. मी तो सोडवला, किल्ल्या चाचांना दिल्या आणि गोंडा आजोबांच्या हातात ठेवला.

"दावं हे," मी म्हटलं. "किल्ली जनावराबरोबर जाते."

आजोबांनी गोंडा डोळ्यांना लावला. चाचांनी छातीवर हात ठेवला. गाडी हायवेला लागली आणि पहिल्याच वळणाला अशाच चार पांढऱ्या गाड्यांत मिसळली. आम्ही हात हलवत राहिलो, पण नक्की कुणाला ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेगमचा फोन. "भाभी, गेली! हे नमाजाहून येईपर्यंत गिऱ्हाईक दारात!"

"कितीला गेली?"

"असं कसं सांगू? फोनवर रुमाल कुठं टाकू?" आणि इतकं हसल्या की फोन त्यांच्या सुनेला बंद करावा लागला. त्याआधी बोलता बोलता मी भावजींच्या गाडीचंही विचारून घेतलं होतं. छताला खिडकीवाली, म्हटल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "तिला हत्ता नक्को भाभी. तिला लांबूनच सलाम."

नवी गाडी तुम्ही फोटोत बघितलीत. कंपनी तीच, रंगही पांढराच. पहिले काही दिवस माझा डावा पाय नसलेला क्लच दाबत होता आणि प्रत्येक वेळी आजोबा "हां, दाबला!" म्हणून साथ देत होते. पाय सरावल्यावर पहिला लांबचा फेरा मी लोहाऱ्याचा काढला. मी स्टिअरिंगवर, आजोबा शेजारी, मागची सीट रिकामी. सोबत कुरडया, कबुतरांच्या वाट्याच्या धरून. बेगम दारातच उभ्या होत्या. आधी त्यांनी गाडीत पुढे बसून, काच खाली करून, गावातून एक चक्कर मारायला लावली. मग आत नेऊन रुमाल टाकला आणि माझी बोटं धरली.

किती धरली ते आजोबांनाही सांगितलेलं नाही. ते रोज नॅपकिन टाकून विचारतात. तुम्ही आलात की हात पुढे करा, तुम्हाला सांगेन. फक्त तळहाताला नख लावायचं नाही.